बाटीचा धूर

सून अंगणात गोवऱ्यांवर बाट्या भाजते आणि त्या धुराने मी पुन्हा धरणातल्या त्या बेटावर जाऊन पडतो. आम्ही दोघे भाऊ देवपूरला कॉलेजात होतो, पळत डोंगर चढायचं वेड होतं. त्या दिवशी बेटावरच्या डोंगराच्या पायथ्यालाच नानाला साप चावला. होडी पलीकडच्या काठावर, संध्याकाळी न्यायला येणार होती. हाक पोचेना.

"पळ भाऊ, वर धूर कर. नावाडी दखी अन् यी," नाना म्हणाला. "मी आठेच शे."

त्याला तिथेच ठेवून अंजनाच्या झाडीतून मी जीव खाऊन पळालो. शिखरावर देवीच्या ओट्याजवळ पाचोळा पेटवला, घसा फाटेस्तोवर ओरडलो. खाली काठावर नावाडी उठला. त्याने धुराकडे बघितलं, हात जोडले आणि पुन्हा झाडाखाली बसला.

लोक तिथे नवस फेडायला बाट्या करायचे. धूर म्हणजे नैवेद्य, नवस फिटला, एवढंच त्याला ठाऊक. कितीतरी वर्षं मी त्याला शिव्या घातल्या. आता वाटतं, ते हात त्याने आमच्यासाठीच जोडले होते.

दिवस मावळताना होडी आली. नानाचं डोकं माझ्या मांडीवर गार पडलं होतं. नावाडी लांबूनच हसून म्हणाला, "फिटना का नवस, भाऊ?"