सरांची न झालेली सही

सर गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, विद्याने केला तेव्हा मी हिंदमाताला साडीच्या दुकानात होतो. दुकानदाराने पदर उलगडून धरला होता. तो तसाच त्याच्या हातात सोडून मी बाहेर आलो. याला आता दीड महिना झाला. सरांबद्दल लिहायला बसलो की एकच गोष्ट आडवी येते…

सर परळच्या कॉलेजात आम्हाला अमेरिकेची राज्यघटना शिकवायचे आणि लालबागला आमच्याच चाळीत राहायचे. "कायदा करते संसद," ते सांगत. "राष्ट्राध्यक्षाने विधेयक पटलं तर सही करायची, नाही पटलं तर कारणं लिहून परत पाठवायचं. दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी ते पुन्हा मंजूर केलं, तर मग त्याला विचारतो कोण?" मी मागच्या बाकावरून विचारलं, "आणि सर, नुसतं खिशात घालून बसला तर?" सर हसले. "दहा दिवस, रविवार सोडून. तेवढ्यात संसद उठली तर विधेयक मेलं. बसलेली असली, तर सहीशिवाय कायदा झाला. तेव्हा गजा, खिशात घालण्याआधी संसद उठलीय का ते बघून ये."

पुढे सर चाळीच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष झाले. नियमावली त्यांनीच लिहिली आणि हा नियमही तिच्यात घातला: समितीच्या ठरावावर अध्यक्षाने दहा दिवसांत सही करावी किंवा कारणांसह तो परत करावा, काहीच केलं नाही आणि समितीचं कामकाज चालू असलं, तर ठराव मंजूर. आम्ही त्यांना चिडवायचो, "सर, चाळीचं वॉशिंग्टन केलंत." वीस वर्षं त्या नियमाची कधी गरज पडली नाही.

मग पुनर्विकास आला. भाडेपावतीवर नाव नाही त्यांना नव्या इमारतीच्या यादीतून वगळावं, असा ठराव झाला. असं घर एकच होतं, मंदाताईंचं. पावती त्यांच्या मरून गेलेल्या दिरांच्या नावावर, आणि त्या दिरांचं आजारपण मंदाताईंनीच काढलेलं. सरांना हा ठराव मान्य नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण सेक्रेटरी अनंता त्यांचा सख्खा मावसभाऊ, आणि गणपती चार दिवसांवर आलेले. "आता मंडपात कोण बसतंय समिती घेऊन," सर मला म्हणाले. "कागद आपोआप मरेल. सणाच्या तोंडावर भांडण नको."

समिती मात्र रोज बसत होती. आरतीनंतर मंडपाच्या मागे, सजावटीच्या पेट्यांवर, जेमतेम दहा मिनिटं. अनंता हजेरीची वही फिरवायचा. मीही समितीत होतो, रोज सही करत होतो. सरांना माहीत असेलच, असं मी धरून चाललो. खरं सांगायचं तर विचारायचा धीर झाला नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अनंताने नियमावली सरांपुढे ठेवली. "भाऊ, तूच लिहिलंयस हे." सरांनी ते पान दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "बरोबर आहे. मी बघायला हवं होतं." यादी बिल्डरकडे गेली. मंदाताई शीवला भाचीकडे राहायला गेल्या. सरांनी अध्यक्षपद सोडलं आणि त्यानंतर वर्षभर ते खाली चौकात फारसे उतरलेच नाहीत.

सरांचं दिवसकार्य झाल्यावर विद्याने मला एक पाकीट दिलं. आत दोन पानं होती, ठराव परत करण्याची कारणं, सरांच्या अक्षरात. खाली सही. तारीख ठराव हाती आल्यानंतर तिसऱ्या दिवसाची… म्हणजे मुदतीत सात दिवस शिल्लक होते.

गेल्या रविवारी मी ती पानं घेऊन शीवला गेलो. मंदाताईंनी खिडकीपाशी उभ्या राहून सगळं वाचलं. "एवढं लिहिलं होतं," त्या म्हणाल्या, "मग दिलं का नाही?" मी मंडपामागच्या बैठकांचं सांगितलं, हजेरीच्या वहीचंही. त्यांनी विचारलं, "तू होतास तिथे?"

"होतो."

त्यांनी पानांची घडी घालून ती माझ्या हातात परत दिली. मग भाचीला म्हणाल्या, यांच्यासाठी चहा टाकू नकोस.