बुरशी आलेला हॅम आणि पातळ कॉफी

"हे फेकून द्या," कुरोदा-सान म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. आणि टेबल दोनदा धुवा."

टेबलावर डुकराची अख्खी मांडी होती. अमेरिकेतल्या टेनेसीहून आलेली, क्वारंटाइनचे सगळे शिक्के अंगावर मिरवत. वर्षभर टांगून लाकडासारखी टणक झालेली, आणि वर हिरवट-पांढरी बुरशी. कुरोदा-सान म्हणजे टोकियो बेवरच्या आमच्या हॉटेलातल्या वेस्टर्न किचनचे हेड शेफ. फ्रान्समध्ये शिकलेले. त्यांच्या किचनमध्ये पातेल्याच्या बुडावर डाग चालायचा नाही, तिथे बुरशी कुठून चालणार?

आणि तो हॅम शिजवायची जबाबदारी माझी होती. माझी मीच ओढवून घेतलेली.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मंदी सुरू झाली होती, बॅन्क्वेट कमी झाले होते, एकेका क्लायंटला जपावं लागत होतं. आमच्या एका जुन्या क्लायंट कंपनीचा अमेरिकन पार्टनर टोकियोला येणार होता. त्याचा सत्तरावा वाढदिवस इथेच पडत होता. कंपनीला वाटलं, म्हाताऱ्याला त्या सकाळी त्याच्या घरचा नाश्ता द्यावा. कंट्री हॅम आणि रेड-आय ग्रेव्ही. कंट्री हॅम म्हणजे मिठात मुरवून, धुरी देऊन, महिनोन्‌महिने टांगून ठेवलेली मांडी. रेड-आय ग्रेव्ही म्हणजे हॅमचे काप तव्यावर परतून काढायचे आणि तव्याला जे चिकटलेलं राहतं त्यात काळी कॉफी ओतायची. झाली ग्रेव्ही. मैदा नाही, मलई नाही.

मीटिंगमध्ये विचारलं, कोणाला येतं? मी हात वर केला. लग्नाआधी दोन वर्षं मी फ्लोरिडाहून सुटणाऱ्या एका क्रूझ शिपवर होतो. तिथल्या कुकला ही ग्रेव्ही करताना मी पाहिलं होतं. दोनदा. स्वतः केली होती शून्य वेळा.

मग हात का वर केला? कारण तीन वर्षं मी लंच बफेची करी ढवळत होतो. मुंबईच्या कॅटरिंग कॉलेजात कॉन्टिनेंटलमध्ये पहिला आलेला माणूस मी! पण टोकियोत भारतीय कुक म्हटला की त्याच्या हातात करीचा डाव द्यायचा, हे ठरलेलं. मला सॉस सेक्शन हवा होता. वेस्टर्न किचनमधली ती मानाची जागा. दोनदा विचारलं, दोनदा कुरोदा-सान "बघू" म्हणाले. या वेळी मात्र स्पष्ट बोलले, "जमलं तर सॉस सेक्शन तुमचा. नाही जमलं तर परत विचारायचं नाही."

आणि आता पहिल्याच पायरीवर हॅम कचऱ्यात चालला होता.

"शेफ, बुरशी वरवरची आहे. ब्रशने घासली की जाते."

"सुर्वे-सान, बुरशी म्हणजे बुरशी."

माझं डोकं सणकलं. तेवढ्यात समोरच्या जपानी किचनमधून रोजचा खर्र-खर्र आवाज आला. मियाके-सान कात्सुओबुशी किसत होते. हा एक मासा. ट्यूनाच्या जातीचा. उकडून, धुरी देऊन, वर मुद्दाम बुरशी चढवून दगडासारखा वाळवतात. त्याच्या किसाशिवाय जपानी सूप होत नाही. मी तरातरा गेलो. मियाके-सान पाठमोरे होते. त्यांच्या लाकडी पेटीतला दुसरा, अख्खा मासा उचलला आणि आणून हॅमच्या शेजारी ठेवला.

कुरोदा-साननी मासा बघितला. हॅम बघितला. परत मासा बघितला.

"माझा कात्सुओबुशी कोणी उचलला?" दारात मियाके-सान उभे. साठी ओलांडलेले, जपानी किचनचे सर्वांत जुने कुक. चिडले की मॅनेजरसुद्धा रस्ता बदलायचा. मी कमरेत वाकून माफी मागितली. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते हॅमवर वाकले, वास घेतला, बोटाच्या पेराने टकटक केलं. मग कान जवळ नेऊन पुन्हा टकटक.

"कुठला मासा?"

"मासा नाही. डुक्कर आहे."

"हं. चांगलं वाळलंय. करणाऱ्याला काम कळतं." आणि आपला मासा काखोटीला मारून गेले.

कुरोदा-साननीही हॅमवर एकदा टकटक करून बघितलं. मग म्हणाले, "चार दिवस आहेत. पण गेस्टच्या आधी मी खाणार."

बुरशी घासून काढली. आता मीठ. हॅम साध्या पाण्यात बुडवला, पाणी बदलत राहिलो. दुसऱ्या दिवशी एक काप परतून खाल्ला. अरे देवा! बाहेरून पाणचट आणि आत मिठाचा खडा. खारा बांगडा खाऊन वाढलेला मी, पण माझीसुद्धा जीभ भाजली.

मियाके-सान हॅमची चौकशी करायला आलेच होते. आता त्यांना त्यात रस वाटायला लागला होता.

"साध्या पाण्यात ठेवलास? वेडा आहेस का?" त्यांनी पातेल्यात ताजं पाणी घेतलं आणि त्यात मूठभर मीठ टाकलं.

"मीठ काढायला मीठ?"

"साधं पाणी घाई करतं. वरचं मीठ ओढतं, आतलं आतच राहतं. थोडं मीठ असलं की हळूहळू आतलंही बाहेर येतं. खारवलेल्या माशाला आम्ही हेच करतो."

मी काप करून त्या पाण्यात ठेवले. तिसऱ्या दिवशी एक परतला. खारट, पण हवाहवासा खारट. वर धुराचा वास. मी मियाके-सानचे हात धरून नाचायचाच बाकी होतो.

राहिली ग्रेव्ही. आमच्या लाउंजची कॉफी म्हणजे हॉटेलची शान. कोळशासारखी काळी. ती तव्यात ओतली, आटवली. काडेचिराईत परवडलं असतं. कुरोदा-साननी चमचा जिभेला लावून विचारलं, "औषध आहे का?"

मी तव्याकडे बघत बसलो. शिपवरच्या कुकची कॉफी कशी होती? मोठ्या पॉटमधली, पातळ, चहासारखी दिसणारी. आम्ही तिला नावं ठेवायचो. आणि जपानी कॅफेच्या मेन्यूत पातळ कॉफीला 'अमेरिकन' म्हणतात! माझ्या नाकासमोर तीन वर्षं लिहिलेलं होतं. लाउंजला फोन केला, "एक पॉट अमेरिकन पाठवा."

ती ओतली. तवा खरवडला. दोन मिनिटं उकळू दिली. खारट, किंचित कडू, तांबूस. हीच ती! शिपवरची चव जशीच्या तशी.

कुरोदा-साननी चव घेतली. घेऊन पुन्हा घेतली. "चव चांगली आहे. पण पातळ आहे. थोडं पीठ लावा, बटर घाला."

"नाही, शेफ."

सगळं किचन थांबलं. तीन वर्षांत त्यांना मी पहिल्यांदा नाही म्हणत होतो. "ही पातळच असते. घट्ट केली तर ही ती ग्रेव्ही राहणार नाही."

"गेस्ट पाणी म्हणाला तर?"

"तर मी परत विचारणार नाही."

वाढदिवसाच्या सकाळी काप परतले, ग्रेव्ही केली, वाट्या गेल्या. मी दाराच्या काचेतून बघत होतो. म्हाताऱ्याने हॅमचा तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिला. मग ब्रेड मोडून ग्रेव्हीत बुडवला. मग वाटीच उचलून हॅमवर ओतली. त्याचं बघून क्लायंट कंपनीच्या जपानी चेअरमननी ग्रेव्ही भातावर घेतली. पाठोपाठ सगळ्या टेबलाने भात मागवला!

वेटर आत आला. "गेस्ट शेफला बोलावतायत."

कुरोदा-साननी कोटाची बटणं लावली, टोपी सरळ केली. दोन पावलं गेले आणि थांबले. "तुम्ही पुढे व्हा," मला म्हणाले, आणि माझ्या मागून आले.

म्हाताऱ्याने मला आपादमस्तक बघितलं. "टेनेसीचा आहेस?"

"नाही सर. वेंगुर्ल्याचा."

वेंगुर्लं कुठे, हे त्याने विचारलं नाही. माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "माझी बायकोसुद्धा हिच्यात पीठ घालते. चाळीस वर्षं सांगतोय तिला, घालू नकोस!"

कुरोदा-सानना इंग्लिश उत्तम येत होतं. मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं नाही. तेवढी अक्कल मला होती.

सोमवारी ड्यूटी चार्ट लागला. सॉस सेक्शनखाली माझं नाव. कोणी अभिनंदन केलं नाही. मी लॉकर रूममध्ये गेलो, दार लावलं आणि चक्क नाचलो. एका पोरीचा बाप असलेला घोडा!

पुढे बारा वर्षं मी तो सेक्शन सांभाळला. जे पातळच असायला हवं ते शेफने सांगितलं म्हणून घट्ट करू नये, एवढं मी हाताखालच्या सगळ्यांना शिकवलं. फक्त शेफला "नाही" म्हणण्याआधी त्याला चव घेऊ द्यावी.