हळदीतली फोटोवाली

"नवरा मेला म्हणून अर्ज आणला, अन् कपाळावर टिकली?"

कचेरीतल्या बाबूने विधवा पेन्शनच्या अर्जासोबतचा माझा फोटो टेबलावरून परत सरकवला. एका बोटाने, मेलेलं झुरळ सरकवावं तसा. मागे रांग होती. रांगेतल्या सगळ्यांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे. टिकली काळी होती. तिळाएवढी. लाल लावणं मी नवरा गेला त्या दिवशीच सोडलं होतं. काळी चालते, असं आई म्हणाली होती.

"दुसरा काढून आण. मंग पाहू."

माझा नवरा दुसऱ्यांच्या वावरात फवारणी करायचा. पाठीवर पंप, तोंडाला फडकं. कपाशीवर अळी पडायची ती वर्षं. दर हप्त्याला नवं औषध यायचं आणि कशात काय मिसळायचं ते मालकालाही धड ठाऊक नसायचं. एका दुपारी तो डोळे चोळतच घरी आला. म्हणाला, "मले तुह्या तोंडाच्या जागी धुकं दिसून राहिलं." तिसऱ्या दिवशी गेला. मी चोवीस वर्षांची होते.

अकोल्यात जुन्या शहरात एका म्हाताऱ्या मुसलमान फोटोवाल्याचा लहानसा स्टुडिओ होता; सगळे त्यांना चाचा म्हणत. पहिला फोटो तिथलाच, दुसराही तिथेच काढायचा होता. सोबत दीर आला होता. चाचा म्हणाले, "बेटी, निकाल दे. उधर से वापस आता है." आणि त्यांनी पाठ फिरवली. माझा हात कपाळापर्यंत गेला, पण टिकली निघेना. दिराने पुढे होऊन नखाने खरवडली. खाली पांढुरका गोल डाग राहिला.

"हा बी दिसून राहिला," दीर म्हणाला. मग डागावर पावडर चोळली. मग फोटो.

हा फोटो कचेरीत पास झाला. मी तो हातात धरून पुष्कळ वेळ पाहिला. त्यातली बाई मी नव्हते. कोणीतरी पाटीवरचं पुसावं तसं मला पुसलं होतं, आणि पुसताना मी मान पुढे केली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्याने मी चाचांकडे गेले आणि झाडूपोछ्याचं काम मागितलं. पोट होतंच. पण खरं सांगायचं तर राग होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. जिथे आपलं तोंड पुसलं, तिथेच जाऊन बसावं. हे लोक करतात कसं ते बघावं तरी.

सहा महिने झाडलं. मग रोल भरायला शिकले. मग उजेड मोजायला. चाचा शिकवायचे आणि मध्येच म्हणायचे, "दिमाग तेज है तेरा, किस्मत ही खोटी है." किस्मतीचं मी ऐकून सोडून द्यायचे.

मुसलमानांच्या कितीतरी लग्नांत बायकांच्या बाजूला पुरुष फोटोवाला चालत नाही. म्हणून चाचांनी एकदा कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि आत पाठवलं. आत नटलेल्या बाया. मी 'इकडे बघा' म्हटलं की बघत होत्या, 'हसा' म्हटलं की हसत होत्या. माझं कपाळ कॅमेऱ्यामागे होतं, तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. आणि आईला सांगितलं, "मले हेच करायचं हाय. फोटोवाली व्हायचं हाय."

आई फुलं विकायची. हातातला हार ओवता ओवता म्हणाली, "बाई, तुले लग्नात उभं कोन करीन?"

इथेच घोडं पेंड खात होतं. आमच्या धंद्यात पोट लग्नावर भरतं. पासपोर्ट फोटोंवर नुसता चहा निघतो. आणि लग्न म्हटलं की हळद आली, ओटी आली, पाच सवाष्णी आल्या. तिथे माझी सावलीही कोणाला नको.

चाचांनी तोड काढली. "टिकली लगा के जा. गले में काले मणी डाल ले. कौन पूछता?"

मी लावली. लाल, ठसठशीत. कचेरीसाठी काढायची, लग्नासाठी लावायची. अशी चार लग्नं पार पडली, कोणी विचारलं नाही. उलट, "तुमचे मालक काय करतात वो?" असं एकीने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "फवारणी करतात." मेलेल्या माणसाला कामावर धाडून मी भाकर खात होते. परत येताना बसमध्ये रडले.

पाचवं लग्न अमरावतीला. बडनेरा रोडवर बंगला, संत्र्याच्या बागा असलेलं घर. नवरीचे वडील हयात नव्हते. सगळा कारभार तिच्या काकूंच्या हाती होता. मांडवात हळद सुरू झाली. मी तीनचार फोटो काढले असतील, तेवढ्यात पाहुण्यांतली एक बाई माझ्याकडे टक लावून बघायला लागली.

"हे त आमच्या गावची सून व्हय! हिचा नवरा नाई का फवारणीत गेला?"

गाणं थांबलं. काकूंनी हळदीची वाटी पदराखाली झाकली. आवाज मात्र चढवला नाही.

"बाई, कॅमेरा दे आमच्या पुतण्याजवळ अन् मांगं जाऊन बस. जेवूनच जाजो."

मी दिला. हे लिहितानाही माझे कान तापतात. मी मुकाट्याने दिला आणि मागे गेले.

मागे मोरीजवळ एक बाई लसूण सोलत बसली होती. फिकं लुगडं, हातात बांगडी नाही. मला वाटलं, कामवाली असेल. मांडवात पुन्हा गाणं सुरू झालं तशी ती मान उंच करून तिकडे बघायला लागली. भिंत होती मध्ये.

"पोरीले हळद चढली का वो?" तिने विचारलं. "मले अठून दिसत नाई."

"तुमी कोन?"

"माही पोरगी हाय ते."

"मंग तुमी अठी काहून? कोणं बसवलं?"

"सांगा नाई लागत, बाई. आपलं आपल्याले कयते."

मी म्हटलं, चला माझ्यासोबत. तिने लसूण खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. मला तिचा राग आला आणि लगेच माझाच आला, कारण मीही तशीच तर उठून मागे आले होते. कोणी धक्का मारला नव्हता.

नळावर जाऊन मी कपाळ धुतलं. मणी काढून कमरेला खोचले. तशीच मांडवात गेले आणि पुतण्याच्या गळ्यातला पट्टा ओढून काढला.

"कॅमेरा माहा हाय."

"तुले सांगतलं ना बाई!" काकू ओरडल्या.

"मी हळद लावाले नाई आली. फोटो काढाले आली. नवरीची माय मांगं लसूण सोलून राहिली. तिनं पोरीची हळद पाहाची कशी?"

नवरीने मान वर केली. डोळे भरलेले. मी फोटो काढला. अजून एक काढला. मग बाया उठल्या, कोणी दंड धरला, कोणी पाठीत हात घातला, आणि मी रोल संपेपर्यंत बटण दाबत राहिले. फाटकाबाहेर काढलं तेव्हा दुपारचं ऊन होतं आणि कॅमेरा माझ्या गळ्यात होता.

नवरीचा तो फोटो चांगला आला. मोठा करून मी त्या आईसाठी घेऊन गेले, तर काकूंनी दारातूनच परत लावलं. आत ती होती. बाहेर आली नाही. फोटो अजून माझ्याकडे आहे. तिने आपल्या पोरीची हळद अजून पाहिलेली नाही.

चाचांची दोन जुनी गिऱ्हाइकं त्यापायी तुटली. चाचा म्हणाले, "बेटी, पासपोर्ट निकाल. इज्जत की रोटी है."

"नाई चाचा," मी म्हटलं. "लग्नंच काढीन."

आता लोक लग्नाचं काम घेऊन येतात तेव्हा बोलणी व्हायच्या आधी मी सांगते. मी विधवा आहे. हळदीला समोर उभी राहणार. नवरीची आई विधवा असेल तर तिला मांडवात बोलवा, तिचा फोटो मी आधी काढणार. ऐकून पुष्कळजण उठून जातात. काही उठताना पदर सावरतात, माझा वारा नको म्हणून. काही महिने तर हाताला कामच नसतं.

त्यांनी खुशाल उठावं. मी उठणार नाही.