फरसान बेटावरचा खलास

दुसऱ्याची भाषा सुधारायची मला वाईट खोड आहे. नाशिकच्या शाळेत वीस वर्षं मराठी शिकवल्याचा तो परिणाम. नवरा गेली अकरा वर्षं सौदीत, जिझानजवळच्या रिफायनरीत इंजिनिअर. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेली तेव्हा तो म्हणाला, आता तरी ये. जानेवारीत मी गेले. आठवडाही झाला नव्हता, तोच त्याने जाहीर केलं, "शुक्रवारी फरसानला जाऊ."

"फरसाण आणायला समुद्र ओलांडायचा?" मी म्हटलं.

"फरसान. बेटं आहेत ती." हसला मात्र नाही. माझे विनोद त्याला फोनवरही कळत नसत.

बोटीत बसले तरी माझं लक्ष समुद्राकडे नव्हतं. मी राजीनामा देऊन आले असं तो धरून चालला होता. मी दिला नव्हता. उन्हाळ्यापर्यंत बिनपगारी रजा टाकली होती आणि सुट्टीनंतर शाळा उघडायच्या आधी परत जायचं, तेही कायमचं, हे विमानात बसण्याआधीच ठरवलं होतं. अकरा वर्षांत आम्ही सुट्ट्यांमध्ये भेटलो आणि रोज दहा मिनिटं फोनवर बोललो. जेवलीस का, जेवले. गॅस आला का, आला. या माणसाबरोबर एका घरात सलग कसं राहायचं हे मला खरोखर कळत नव्हतं. आज बेटावर सांगून टाकायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

पण बेट बघून मी गारच झाले. सौदी म्हणजे नुसती वाळू, अशी माझी समजूत. इथे खारफुटीतून बगळे उडत होते आणि पाणी इतकं निवळ होतं की तळाचे शंख दिसावेत. मोत्यांच्या एका व्यापाऱ्याचं जुनं घर पाहिलं. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आणि त्यांवर चुन्याची इतकी नाजूक नक्षी की मला हात लावायचा धीर होईना. इथले मोती पूर्वी मुंबईला विकायला जायचे, असं नवऱ्याने सांगितलं. मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिले.

घराबाहेर बुरख्यातल्या एक आजीबाई टोपली घेऊन बसल्या होत्या. टोपलीत चक्क मोगऱ्याचे गजरे! मी बोट दाखवून खुणेनेच विचारलं, याला काय म्हणतात?

"फुल," आजीबाई म्हणाल्या.

"फूल?"

"फुल, फुल."

मी हरखलेच. नवरा म्हणाला, "अगं, अरबीत फुल म्हणजे फक्त मोगरा. आपलं फूल वेगळं." पण मी कशाला ऐकतेय! एका शब्दाच्या जोरावर अरबी आपल्याला निम्मी येतेच, अशा थाटात मी गजरा माळला.

किनाऱ्यावर पोचल्यावर मी सुरुवात केली, "अहो, मला जरा बोलायचं होतं."

"थांब, पाय बुडवून येतो," म्हणत तो बूट काढून गुडघाभर पाण्यात शिरला. पुढच्या मिनिटाला त्याची किंकाळी ऐकू आली. वाळूत दडून बसलेल्या पाकटावर त्याचा पाय पडला होता आणि माशाने शेपटीचा काटा घोट्यात खुपसला होता. कसाबसा तो बाहेर आला. पाय रक्ताने माखला होता, ओठ पांढरे पडले होते. शेजारी सहलीला आलेल्या एका कुटुंबाने आम्हाला त्यांच्या पिकअपमध्ये घातलं. वाटेत त्याची शुद्ध गेली. त्या घरातल्या बाईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. ती काय बोलत होती ते मला एक अक्षर कळलं नाही.

दवाखान्यात त्याला आत नेलं आणि मला बायकांच्या बाकावर बसवलं. अर्ध्या तासाने निळ्या कपड्यांतला एक माणूस बाहेर आला. मी धावत जाऊन विचारलं, "माय हजबंड?"

त्याने तळहात एकमेकांवर झटकले. "खलास. खलास," म्हणाला आणि निघून गेला.

मराठीत खलास झालेला माणूस परत येत नाही. सकाळी मोगऱ्याला फुल म्हणणारी भाषा आता वेगळं काही सांगत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी परत बाकावर येऊन बसले. आणि मनात जे पहिलं आलं, ते लिहिताना आजही हात अडतो. चला, आता सांगावं लागणार नाही. सुटले.

रडू आलं नाही, लेकीची आठवणही नंतर झाली. आधी सुटले. हा विचार माझाच आहे हे लक्षात यायला थोडा वेळ गेला, आणि आलं तेव्हा मला स्वतःची शिसारी आली. इतकी वर्षं मी स्वतःला बरी बाई समजत होते.

तोंडातून "गेले हो" निघालं असावं, कारण चहाची ट्रॉली ढकलणारा एक म्हातारा माणूस थांबला.

"मराठी काय वो ताई तुम्ही? काय झालं?" तो रायगडकडचा, दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला.

"हे गेले."

"कोनी सांगितलान?"

"तो निळ्या कपड्यांतला. खलास म्हणाला."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात दाबून हसू आवरलं. "अवो, हितं खलास म्हंजे झालं. काम झालं. काटा काढलान, सुटला तुमचा मानूस. जिता हाय! आत जावा."

सुटला, असंच म्हणाला तो. मला त्याच्याकडे बघवेना.

आत नवरा गरम पाण्याच्या टबात पाय सोडून ज्यूस पीत बसला होता. मी खलासची हकिगत सांगितली तसा तो हसत सुटला. असा हसताना मी त्याला कधी पाहिलं होतं, आठवेना. डोळे पुसत म्हणाला, "मग? खूप रडलीस?"

हो म्हणणं सोपं होतं. पण मला ते जमेना.

"नाही," मी म्हटलं. "आधी सुटल्यासारखं वाटलं." आणि त्याच दमात राजीनामा दिला नसल्याचं, परत जायचं ठरवल्याचं, सगळं ओकून मोकळी झाले.

तो हसायचा थांबला. ज्यूसचा ग्लास बाजूला ठेवला. मग म्हणाला, "रोज तुझा फोन ठेवला की मलाही तसंच वाटतं. अकरा वर्षं."

मी हादरले. खलासने जेवढी हादरले नव्हते तेवढी, कारण हे स्वच्छ मराठी होतं आणि दुसरा अर्थ लावायला जागा नव्हती. खरं तर मला राग यायला हवा होता, पण मघाशी न आलेलं रडू आता आलं. मी उभ्या उभ्या हुंदके देत राहिले.

"शाळा कधी उघडते?" त्याने विचारलं.

"जूनमध्ये."

"म्हणजे पाच महिने आहेत." त्याने शेजारचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बस. आणि नीट सांग, नक्की काय वाटलं."