आप्पांची पाळी

दुपारची जेवणं झाली की पद्माक्का हातातलं काम थांबवायची. दारात कितीही घाईचं गिऱ्हाईक असलं तरी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायची. काळ्या पडद्यावर दोन नावं यायची, एक नव्या सिस्टीमचं आणि एक जुनीचं. ती जुनी निवडायची आणि खुर्ची सोडून उठायची. "आता आप्पांची पाळी. जरा च्या पिऊन या," गिऱ्हाइकाला सांगायची.

निपाणीत तिचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. सकाळभर ती नव्या सिस्टीमवर मराठी आणि कानडी पत्रिका जुळवायची. माणूस पायरी चढतानाच त्याला "या, बसा" म्हणायचं की कानडीत "बर्री" ते तिला कळायचं. आप्पा तिचे यजमान. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जुन्या सिस्टीमवर काढली. पुढं त्यांची आठवण पुसट होत गेली. लेकीचं नाव चुकायचं, घरची वाट चुकायची, पण त्या पडद्यासमोर बसले की बोटं बिनचूक चालायची. कधीच लागून गेलेल्या लग्नांच्या पत्रिका उघडून ते दुरुस्त करत बसत.

मी तिच्या कॉम्प्युटरच्या दुरुस्तीला जायचो. डिस्क गच्च भरलेली, नवं काम रांगत चाललेलं, ऐन लग्नसराईत पत्रिका खोळंबायच्या. "आक्का, जुनी काढून टाकू. मशीन पळंल," मी म्हणालो. तेव्हा माझं डोकं मशीनपलीकडं चालत नसे.

"पळून कुठं जायचं हाय रं तिला?" ती म्हणाली, आणि विषय संपला.

एकदा चिकोडीकडचा एक शेतकरी मुलीची पत्रिका छापायला आला. त्याचं नाव कानावर पडताच आप्पांनी त्याच्याच लग्नाची पत्रिका पडद्यावर काढली आणि गंभीरपणे विचारलं, "नवरीच्या मामांचं नाव ऱ्हायलंय. काय घालू?"

तो गडबडला. आक्कानं डोळ्यांनीच खुणावलं. मग तो खुर्ची ओढून जवळ बसला आणि त्यानं कधीच वारलेल्या मामांचं नाव सांगितलं. ते नाव तेव्हा खरोखरच राहून गेलं होतं आणि मामा भर मांडवात रुसून बसले होते. हे सांगताना त्याला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते. आक्कानं ती पत्रिका छापून त्याच्या हातात ठेवली. "घरात वैनीस्नी दाखवा," म्हणाली.

आप्पा गेले. सुतक फिटलं आणि आक्काचा फोन आला, "ये आणि जुनं काढ."

आता मीच अडून बसलो. "ऱ्हाऊ दे की आक्का. मोठी डिस्क बसवतो. आप्पांचं सगळं काम हाय त्यात."

"ती लग्नं लागली, पोरं झाली, त्या पोरांच्या पत्रिका आता माझ्याकडं पडल्यात. येळंवर मिळायला नगोत व्हय त्या? काढ."

मी जुनी सिस्टीम पुसली. मशीन पुन्हा चालू केलं, तर काही न विचारता सरळ नवी उघडली. आक्का पडद्याकडं बघत राहिली. मग तिनं पदरानं डोळे टिपले आणि अर्धी राहिलेली पत्रिका पुढ्यात ओढली. मला राहवेना.

"आक्का, एवढी वर्षं हात लावू दिला न्हाईस, आणि आज काढाय लावलंस?"

"त्यांची आठवण जात चाललेली, म्हणून ठेवलं होतं रं," ती म्हणाली. "माझी हाय की जाग्यावर."