उकिरड्यावरून विकत घेतलेला भाऊ

माझा धाकटा भाऊ आम्ही उकिरड्यावरून विकत घेतला. तो जगला, साठी कधीच ओलांडून बसलाय आणि अजून फोनवर माझ्याशी कडाकडा भांडतो, हे आधीच सांगून टाकते. उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. त्या हिवाळ्यात आमच्या घरात प्रश्न वेगळाच होता. आई त्याला आपला म्हणेल की नाही, हा.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. यवतमाळला आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो आणि बाबा शेतीच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. दिवसभर कागदच काळे करायचे, पण खतावर बोलणाऱ्या साहेबांचं ऐकून ऐकून त्यांना खताचं वेड लागलं. वखारीतून सागाच्या टाकाऊ फळ्या आणून त्यांनी परसात एक पेटी ठोकली. तिला ना तळ, ना झाकण. उंची माझ्या गळ्यापर्यंत, आणि दोन फळ्यांमध्ये बोटभर फट, कारण खतालाही वारा लागतो असं त्यांचं म्हणणं. खाली कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचे तुकडे, त्यावर भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा, कडुनिंबाचा पाला, मग शेण कालवलेलं पाणी आणि वर थोडी माती. आई चुलीतली राख टाकायला गेली की बाबा मागे उभे. "किती टाकलीस? एका जागी टाकू नकोस, पसरव." आई म्हणायची, "इतकं लक्ष भाजीच्या मिठाकडे दिलं असतं तर बरं झालं असतं."

पेटीत एक लोखंडी सळई खोचलेली असे. बाबा ती उपसून माझ्या हातात देत. ती गरम लागली की खत शिजतंय म्हणायचं. मला ती गंमत फार आवडायची. शेजारी मात्र हसत. कारकुनानं उकिरड्याला बंगला बांधला म्हणत. बाबांना तो शब्दच सहन होत नसे. "उकिरडा नव्हे, खत आहे ते," असं प्रत्येकाला थांबवून सांगत.

माझ्यामागून आईला दोन मुलगे झाले होते. दोन्ही बाळंतपणं बाभुळगावकडच्या आमच्या गावी, घरातच. आठ-दहा दिवसांत दोघेही दूध ओढेनासे झाले, अंग आखडलं आणि गेले. गाव म्हणालं, नजर. बाबांना दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, धनुर्वात. तो माती-शेणातून नाळेवाटे अंगात जातो. गावाकडे तेव्हा नाळेवर गोवरीची राख लावत. म्हणून तिसऱ्या खेपेला बाबांनी कोणाचंही न ऐकता आईला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं.

बाळ घरी आलं, पण घर काही आनंदलं नाही. आई त्याला भिंतीकडे तोंड करून पाजायची, आणि पाजून झालं की खाली ठेवून द्यायची. त्याला ती 'बाळ' म्हणत नव्हती, 'ते' म्हणायची. "ते रडतंय, बघ जरा." शेजारीण पाहायला आली तर आई म्हणाली, "पाहण्यासारखं काय आहे त्यात? काळंसावळं आहे एक." मला तिचा भयंकर राग यायचा. मी नऊ वर्षांची होते आणि मला ते बाळ जगातलं सगळ्यात देखणं वाटत होतं. ती भीत होती, हे मला स्वतःची मुलं झाल्यावर कळलं.

बाबांची तऱ्हा दुसरीच. शेणाच्या भीतीनं त्यांनी पेटीकडे जाणंच सोडलं. कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे, आणि तरी बाळाला दारातूनच पाहायचे. म्हणजे ते बिचारं बहुतेक वेळ माझ्याच मांडीवर.

अशात गावाहून आत्या आली. बाबांची मोठी बहीण. आवाज असा की परसात बोलली तरी रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा. दोन दिवस तिनं आईकडे नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी बाबांना धरलं.

"बापू, वयनी लेकराले जीव लावून नाई राह्यली. उकिरड्यावर टाकाच लागते त्याले."

हा आमच्याकडचा जुना रिवाज. ज्या घरी मुलं जगत नाहीत तिथलं मूल उकिरड्यावर टाकायचं. म्हणजे नजरेला वाटतं, हे नको असलेलं आहे. मग दुसऱ्या बाईनं ते उचलायचं आणि आईनं मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं. कोंडाच, कारण मूल कवडीमोलाचं ठरलं पाहिजे.

बाबा भडकले. "बाई, तुले समजते का? शेणातच ते विष राह्यते. दोन गेले तेवढे पुरे नाही झाले?"

"मंग काहून पोसून राह्यला परसात?"

"ते खत आहे!"

"नाव काईबी ठेव. उकिरडाच हाय थो, सायबाच्या थाटाचा."

एवढ्यात आतून आई बोलली. बाळासाठी काही मागण्याची तिची ही पहिलीच वेळ. "एकदा होऊ द्या तुमी. मंग मी घेईन त्याले."

बाबा जेवले आणि कचेरीत गेले. संध्याकाळी परस्पर दवाखान्यात जाऊन त्यांनी नर्सबाईंना घरी आणलं. नाळ केव्हाच पडली होती. बेंबी चांगली वाळली आहे, असं नर्सबाईंनी नीट पाहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आईची जुनी लुगडी उकळून वाळवली आणि बाळाला त्यात गुंडाळून घेतलं. एकावर एक इतके पदर, की नुसतं नाक दिसत होतं. मग त्यांनी पेटीच्या समोरच्या दोन फळ्या काढल्या.

"मी बसतो उकिरड्यात," ते म्हणाले. स्वतःच्या तोंडानं उकिरडा म्हणाले. "पोरगं माझ्या मांडीवर राहील. खाली टेकवणार नाही, सांगून ठेवतो."

आत्यानं जरा विचार केला. "बाप उकिरड्यावर, लेकरू बापावर. चालते."

बाबा कुजक्या पाल्यात मांडी घालून बसले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, मांडीवर गाठोडं. आत्या मागच्या बोळातून वळसा घालून वाटसरूसारखी आली आणि पेटीपाशी थबकली.

"अगो बाई! कोनाचं लेकरू टाकलं वं हे?"

"माझं," बाबा म्हणाले.

"तू चूप राय नं! तू नाईच इथं."

मी खदखदून हसले. आत्यानं माझ्याकडे डोळे वटारले, बाळ उचललं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून ओरडली, "बेवारशी लेकरू हाय. मूठभर कोंड्यात देतो. घेते का कोनी?"

कोंडा मी सुपात काढून दाराशीच ठेवला होता. आई दारात आली, सुपाकडे पाहिलं आणि आत वळली. मला वाटलं, संपलं. बाबांचा चेहरा पेटीत पार उतरला. आतून भांडी सरकवल्याचा आवाज आला. मग आई बाहेर आली ती पितळी डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून. सणासाठी जपून ठेवलेले तांदूळ होते त्यात. आमच्याकडे रोज ज्वारीच असायची. त्या डब्याला मी हात लावला तरी रट्टा मिळायचा.

"अवं वयनी, कोंडा!" आत्या घाबरली. "अशानं मोल येते त्याले!"

"येऊ द्या," आई म्हणाली. "कोंड्याचं नाई थे. माह्यं लेकरू हाय." आणि तिनं अख्खा डबा आत्याच्या पायाशी ठेवून दोन्ही हात पुढे केले.

आत्यानं बाळ दिलं आणि घाईघाईनं कानशिलांवर बोटं मोडली. डोळे तिनं पुसलेच नाहीत, तसेच वाहू दिले. आई पायरीवर बसली. लुगड्याचा एकेक पदर सोडत गेली, एकेक बोट उघडून पाहिलं, पाय पाहिले, मान उचलून मागचं जावळ पाहिलं. बाबा अजून पेटीतच होते. बऱ्याच वेळानं आईनं त्यांच्याकडे मान वळवली.

"अवो," ती म्हणाली, "याचे कान तुमच्यावानी हायेत."

बाळ तेव्हा पंधरा दिवसांचं होतं.