बाबलीची सही

पूर्वी डॉ. विश्वेश परुळेकर पोटाला हात लावून सांगायचे, उघडावं लागेल की नाही. आता आधी स्कॅन लागतो, मग विमा कंपनीची मंजुरी. "तिकडून एक मुलगी फोनवर विचारते, ऑपरेशन खरंच गरजेचं आहे का? तिला काय सांगू? ये, तूच पोट दाबून बघ?" असं म्हणून ते हसायचे. मालवणात त्यांचं छोटं हॉस्पिटल आहे. मी तिथे पुस्तकं द्यायला-घ्यायला जाते. ते माझ्या वडिलांहून मोठे, पण मित्रच.

नोटीस आल्यापासून ते हसत नाहीत.

बाबली मिठबावकर त्यांचा शाळेपासूनचा सोबती. गेल्या वर्षी त्याचा मुलगा ओंकार पोटात कळा येतात म्हणून दाखल झाला. अपेंडिक्स. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काढायला हवं.

"उद्या सकाळी देवाचो कौल घेतंय, मगे कर," बाबली म्हणाला.

"बाबल्या, तवसर फुटात ता!"

"फुटाचा नाय. देव आसा."

ओंकारही म्हणाला, बाबा सांगतील तसं. डॉक्टर ओरडले, चिडले, शेवटी थांबले. आमच्याकडे कौलासाठी थांबणं नवं नाही. हर्निया थांबतो, मुतखडा थांबतो. अपेंडिक्स थांबलं नाही. सकाळी देवाने उजवा कौल दिला, म्हणजे होकार, तोवर ते फुटलं होतं. ओंकार वाचला. पण तो अंथरुणातून उठेपर्यंत जहाजावरची नोकरी गेली.

भरपाईसाठी बाबलीने वकिलाकडून पाठवलेल्या नोटिशीत लिहिलं होतं, डॉक्टरांनी ऑपरेशनला उशीर केला. कौलाचा उल्लेख नव्हता.

डॉक्टरांच्या वकिलाने विचारलं, "नकार लेखी घेतला होता का? सही?"

"बाबलीची?" डॉक्टर म्हणाले. एवढंच.

वकील म्हणाला, मग बाबलीनेच खरं सांगितलं तर तुम्ही सुटाल. डॉक्टरांनी निरोप धाडला नाही. तो आपणहून येईल, म्हणाले.

परवा तो खरंच आला. सोबत बायको, यशोदा. मी पुस्तक परत द्यायला तिथेच होते.

"विश्या, रागावलंस काय रे? वकिलान सांगल्यान तसा लिवलंय. असल्या केशीसाठी तुझो विमो असतलो मां? तुझ्या खिशातला काय जाता?"

"बाबल्या, उशीर मी केलंय?"

"ता सोड रे. कोर्टात तसाच बोलूचा लागता." त्याने यशोदेला पुढे केलं. "हिच्या पित्ताशयात खडे झालेत. तूच कर. दुसऱ्या कोणाच्या हातात हिका देवचंय नाय मी."

यशोदा खाली बघत होती. माझ्या ऐकण्यात चूक होते आहे, असं मला वाटलं.

डॉक्टरांनी चिठ्ठ्यांचं पॅड पुढे ओढलं. मग बोलले, तो आवाज मी ते सरकारी साहेबांशी बोलतानाच ऐकला होता.

"मिठबावकर, आपण पेशंटला गोव्याला घेऊन जा. मी चिठ्ठी देतो."

बाबली हसला. त्याला थट्टा वाटली. मग हसू ओसरलं.

"आपण कोणाक म्हणतंस रे, विश्या?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी बेल दाबली.